दुसऱ्या दिवसाची सकाळ : नाशिकच्या डोंगरांत गावाहून गावाला पायी

नाशिककराला पायी चालणं कुणी शिकवायला नको. श्रावणात ब्रह्मगिरीची फेरी असते, पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या समाधीकडे दिंड्या येतात, चैत्रात खानदेशातून माणसं अनवाणी सप्तशृंगीला निघतात. पण यात्रा सोडली तर आपली डोंगरातली भटकंती एका दिवसाची असते. रविवारी पहाटे गाडी काढायची, एक गड चढायचा, रात्री जेवायला घरी. मीही पुष्कळ वर्षं तेवढंच केलं. मग एका डिसेंबरात आम्ही चौघी सातमाळ्यात तीन दिवस चाललो, दोन रात्री वस्तीवर राहिलो, आणि मला चालण्याची खरी गोडी त्या खेपेला कळली.

एक दिवस कुणीही चालतं. सगळा हिशेब दुसऱ्या दिवशी सकाळी होतो. पोटऱ्या भरलेल्या, खांद्यावर पट्ट्यांचे वळ, टाचेवर फोडाची सुरुवात, आणि समोर पुन्हा चढ. त्या सकाळी उठून चालावंसं वाटलं पाहिजे. खाली जे लिहिलं आहे, मार्ग निवडण्यापासून पिशवी भरण्यापर्यंत, ते सगळं त्या एका सकाळीसाठी आहे.

आधी डोंगररांग निवडा, मग गड

नाशिकभोवती चार रांगा हाताशी आहेत. पश्चिमेला त्र्यंबक रांग: अंजनेरी, ब्रह्मगिरी, हरिहर, भास्करगड. उत्तरेला सातमाळा: अचला, अहिवंत, सप्तशृंगी, मार्कंड्या, रवळ्या-जवळ्या, धोडप आणि पुढे चांदवडकडे कांचना, राजधेर, इंद्राई. त्याच्याही उत्तरेला बागलाणातली सेलबारी-डोलबारी, जिथे साल्हेर, सालोटा, मुल्हेर, मोरा आणि हरगड आहेत. नैर्ऋत्येला इगतपुरीपलीकडे कळसूबाईची रांग. १,६४६ मीटरचं कळसूबाई शिखर अकोले तालुक्यात, म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यात आहे, पण नाशिकहून ते कुणाला परकं वाटत नाही.

पहिल्या खेपेला त्र्यंबक रांगच घ्या. रस्ता जवळ आहे, एसटी भरपूर आहेत, आणि काही बिनसलं तर तासाभरात घरी पोचता येतं. दुसऱ्या वर्षी सातमाळा, तिसऱ्या वर्षी बागलाण. साल्हेर महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला, १,५६७ मीटर. १६७२ साली त्याच्या पायथ्याला मराठ्यांनी मोगलांना उघड्या मैदानात हरवलं. २०२५ मध्ये तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. त्याच्यापासून सुरुवात करायचा मोह होतो, मला कळतं. तरी थांबा. नाशिकहून तो शंभर किलोमीटरच्या पलीकडे आहे आणि तिथला चढ नवख्याच्या पायांची दया करत नाही.

केव्हा जावं

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा ते फेब्रुवारीचा मध्य. त्यातही डिसेंबर मला सर्वांत आवडतो. हवा स्वच्छ असते, गडांवरच्या कातळात खोदलेल्या बहुतेक टाक्यांत पाणी असतं, भाताची कापणी होऊन खाचरं मोकळी झालेली असतात आणि बांधावरून चाललं तर कुणाचं नुकसान होत नाही. थंडीला मात्र कमी लेखू नका. निफाडला पारा पाच-सहा अंशांवर आल्याची बातमी येते, त्या रात्री उघड्या पठारावर झोपलेल्या माणसाचे दात वाजतात.

सप्टेंबरातलं पठार फार देखणं असतं. सोनकी, तेरडा, कवला यांनी अख्खा माळ रंगतो. अंजनेरीच्या नावावरूनच जिचं नाव ठेवलंय ती कंदीलपुष्पाची जात, सेरोपेजिया अंजनेरिका, पावसाळ्यातच फुलते. २००६ मध्ये तिची शास्त्रीय नोंद झाली. या फुलांसाठी जायचं तर एका दिवसाची वारी करा आणि मळलेली वाट सोडू नका, कारण ही रोपटी गवतात असतात आणि बुटाखाली नकळत जातात. जुलै-ऑगस्टमध्ये मुक्कामी चालणं मी कुणाला सुचवणार नाही. इगतपुरी-त्र्यंबकचा पाऊस नाशिक शहराच्या पावसावरून मोजू नये. सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा दुपारी छातीएवढा होतो. जोराच्या पावसात प्रशासन आणि वनविभाग काही ठिकाणं बंदही करतात, तेव्हा निघण्याआधी विचारून घ्यावं.

मार्चपासून दुसरी अडचण सुरू होते. टाकी आटतात, गवत वाळून वणवे लागतात, आणि मुरमाड उतारावरचा घसारा, म्हणजे सुटी खडी, बुटाखाली गोट्यांसारखा सरकतो.

वाटाड्या घ्यावा की आपलं आपण जावं

हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो, म्हणून जरा सविस्तर.

स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात वेस्ट हायलँड वे नावाची १५४ किलोमीटरची पायवाट आहे. १९८० मध्ये ती अधिकृतपणे खुली झाली. वाटेवर खुणांचे खांब आहेत, मुक्कामाच्या जागा ठरलेल्या आहेत, आणि पैसे दिले की तुमची जड पिशवी गाडीने पुढच्या मुक्कामी पोचवणारे लोक आहेत. तिथे ‘आपलं आपण’ जाण्याचा अर्थ असा की सगळी व्यवस्था आधी लागलेली असते, फक्त बरोबर माणूस नसतो. आपल्याकडे तसं काही नाही. आपल्या डोंगरातल्या वाटा गुराख्यांच्या, मोळीवाल्यांच्या, पाड्यावरून बाजाराला जाणाऱ्यांच्या आहेत. त्या त्यांच्या गरजेप्रमाणे फुटतात आणि मिटतात. दगडावर कुणी बाण रंगवला असेलच, पण तो कुणी, कधी आणि कुठे जाण्यासाठी रंगवला ते बाण सांगत नाही.

म्हणून माझा नियम साधा आहे. जिथे यात्रेची वाट आहे तिथे आपलं आपण जा. गडावरून गडाकडे, म्हणजे सोंडेवरून (डोंगराच्या उतरत्या धारेवरून), खिंडीतून, कारवीच्या झुडपांच्या रानातून जायचं असेल तिथे गावातला वाटाड्या घ्या. अंजनेरी, ब्रह्मगिरी, रामशेज, सप्तशृंगी, वाघांब्याहून साल्हेर-सालोट्याची खिंड: या वाटा विचारत विचारत जमतात. रवळ्या-जवळ्याच्या पठारावरून धोडपकडे, किंवा मुल्हेर-मोरा-हरगड एका दमात, हे वाटाड्याशिवाय नको. कळसूबाई रांगेतल्या अलंग-मदन गडांना तर दोर, साधनं आणि जाणता प्रस्तरारोहक लागतो. ती वेगळी विद्या आहे आणि या लेखाचा तो विषय नाही.

हा नियम मी ठेच लागून शिकले. एकदा रांगेवरून उतरताना ‘खाली गाव तर दिसतंय’ म्हणून आम्ही सरळ सोंडेवरून निघालो. गाव दिसत होतं, पण मध्ये कातळाचा टप्पा होता, आणि तो वरून दिसत नाही. बसाल्टचे डोंगर असेच असतात, लाव्ह्याच्या थरावर थर. थर संपला की उभा कडा, मग पुन्हा सपाटी. आम्ही कड्याच्या काठाने कारवीत दोन तास आडवे फिरलो. शेवटी शेळ्या घेऊन परतणाऱ्या एका म्हाताऱ्या बाबांनी हाक मारली आणि शंभर पावलांवर असलेली नाळ, म्हणजे कड्यातली उतरायची अरुंद घळ, दाखवली. ती नाळ आमच्या डोळ्यांसमोर होती, आम्हाला ती वाट वाटलीच नव्हती.

वाटाड्या कसा मिळवायचा? पायथ्याच्या गावात आदल्या संध्याकाळी पोचा. चहाच्या टपरीवर, शाळेतल्या गुरुजींना किंवा पोलीस पाटलांना विचारा. माणूस ठरला की चार गोष्टी तिथेच बोलून घ्या: कुठून कुठपर्यंत, किती दिवस, जेवण कुणाचं, आणि परतीचं भाडं कुणाचं. शेवटचा प्रश्न लोक विसरतात. तुम्ही दुसऱ्या तालुक्यात उतरून नाशिकची गाडी धरता, तो मात्र उलट्या पावली एकटा घरी जाणार असतो. त्याचा परतीचा दिवससुद्धा मजुरीत धरा. ‘द्या काय ते’ असं उत्तर आलं तर गावातली दिवसाची मजुरी विचारा आणि त्याहून चांगले द्या. रोख न्या. मोबाइलवरून पैसे पाठवायला तिथे रेंज असेलच असं नाही.

संस्थेबरोबर जायचं असेल तर तेही चांगलंच आहे, विशेषतः ओळखीची सोबत नसेल तेव्हा. मात्र पैसे भरण्याआधी विचारा: गटात किती जण, पुढे आणि मागे मिळून किती जाणकार, प्रथमोपचार कुणाला येतो, आणि संस्थेची पर्यटन संचालनालयाकडे साहसी पर्यटनाची नोंदणी आहे का. एका सहलीत आम्ही साठ जण होतो आणि वाट माहीत असलेला एकच जण. पुढचे गड उतरू लागले तेव्हा मागचे अजून चढत होते. गट पंधराच्या आत असेल आणि शेवटच्या माणसामागे चालणारा कुणी ठरलेला असेल, तरच होकार द्या.

दिवसाचा हिशेब

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक ठोकताळा सांगितला: पाच किलोमीटरला एक तास, आणि वर दर सहाशे मीटर चढाईला आणखी एक तास. समजा, दिवसाची वाट १२ किलोमीटर आणि चढ ६०० मीटर. सपाटीचे सुमारे अडीच तास, चढाचा एक, मिळून साडेतीन. आपल्याकडचं ऊन, पाठीवरचं ओझं, कातळातल्या पायऱ्यांवर लागणारा वेळ आणि टाक्यापाशी बसणं धरून मी त्याची दीडपट करते. म्हणजे सव्वापाच तास. नवख्या गटाला सहा.

डिसेंबरात नाशिकला सात वाजता उजाडतं आणि सहाला सूर्य मावळतो. दुपारी चारला मुक्कामाच्या गावात असायचं, असं धरून उलटा हिशेब लावा. राहिलेले दोन तास वाया जात नाहीत. वाट चुकली, कुणाचा पाय मुरगळला, तर ते उपयोगी पडतात. काहीच झालं नाही तर पाड्यावर चहा पीत बसायला मिळतं.

नकाशा म्हणून भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणातले नकाशे चांगले. समोच्चरेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, जिथे एकमेकींना चिकटलेल्या दिसतात तिथे कडा आहे असं समजा. मोबाइलवरचा नकाशा घरीच उतरवून घ्या आणि त्याची एक प्रत कागदावर काढून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.

पहिली तीन दिवसांची वारी

मी नव्या मंडळींना जी वारी सांगते ती अशी.

पहिला दिवस अंजनेरी. नाशिकहून त्र्यंबकची सकाळची एसटी धरा आणि अंजनेरी फाट्यावर उतरा. गावातून वर जाताना आधी थोडा रस्ता, मग पायऱ्या आणि वाटेत जैन लेणं लागतं. पठारावर अंजनीमातेचं मंदिर आणि तळं आहे. बहुतेक जण तिथून फिरतात. तुम्ही वरच्या टप्प्यावरच्या दुसऱ्या मंदिरापर्यंत जा, कारण त्र्यंबकचा सगळा मुलूख तिथून समोर येतो आणि उद्या-परवा कुठे चालायचं ते डोळ्यांना कळतं. कड्यांमध्ये गिधाडांची घरटी आहेत. आरडाओरडा करू नका, ड्रोन तर नकोच. उतरून गाडीने किंवा रस्त्याने त्र्यंबकला मुक्काम.

दुसरा दिवस ब्रह्मगिरी. सामान खोलीवरच ठेवा, पाठीवर पाणी आणि शिदोरी एवढंच. पायऱ्यांनी वर, गोदावरीचं उगमस्थान, जटामंदिर, आणि पाय साथ देत असतील तर पलीकडचं दुर्गभांडार. तिथल्या कातळात खोदलेल्या जिन्यात दोन्ही अंगांना भिंती आहेत, वर आभाळाची एक फीत दिसते. मला तो जिना हरिहरच्या प्रसिद्ध पायऱ्यांहून जास्त आवडतो. माकडं फार आहेत. खाणं पिशवीच्या तळाशी ठेवा, हातात प्लास्टिकची पिशवी नको. उतरताना गंगाद्वार करून या.

हा दुसरा दिवस मुद्दाम बिनओझ्याचा ठेवलाय. पाय दुखत असतात, पण खांदे मोकळे असतात, आणि माणूस हिरमुसत नाही.

तिसरा दिवस फेरी. त्र्यंबकच्या कुशावर्त कुंडावरून पहाटे निघायचं आणि ब्रह्मगिरीला उजव्या हाताला ठेवत सुमारे वीस किलोमीटर चालायचं. प्रदक्षिणाच असल्यामुळे दिशा चुकायचं भय कमी: डोंगर उजवीकडे आहे तोवर ठीक. काही भाग डांबरी आहे, काही पायवाट. पहिने गावाच्या बाजूने डोंगराची जी पाठ दिसते ती त्र्यंबकहून कधी दिसत नाही. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी इथे माणसांचा लोट असतो. तो अनुभव एकदा जरूर घ्या, पण शांतपणे चालण्यासाठी हिवाळ्यातला मधला वार निवडा. २०२७च्या सिंहस्थाच्या दिवसांत त्र्यंबकला मुक्कामाचा बेत करू नका. त्या वर्षी सातमाळ्याकडे वळा.

हरिहर मी या तीन दिवसांत मुद्दाम घेतला नाही. शनिवार-रविवारी त्याच्या उभ्या पायऱ्यांवर चढणारे आणि उतरणारे एकाच वेळी अडकतात. मंगळवार-बुधवारी निरगुडपाडा किंवा हर्षेवाडीतून सकाळी लवकर जा. खोबण्यांत बोटं घालून चढा आणि उतरताना तोंड कातळाकडे ठेवा.

सातमाळ्याची वारी थोडक्यात: नांदुरीमार्गे सप्तशृंगगडावर मुक्काम, दुसऱ्या दिवशी मार्कंड्या आणि मुळाणबारीच्या खिंडीतून रवळ्या-जवळ्याचं पठार, तिसऱ्या दिवशी वाटाड्याबरोबर धोडप करून हट्टी गावात उतरणं. धोडपच्या माथ्याजवळची खाच पडलेली भिंत लांबूनच ओळखू येते. लाव्ह्याच्या भेगेत थिजलेल्या दगडाची ती भिंत आहे. भोवतालचा खडक झिजला, ती उरली.

सहा आठवडे आधी

पहिले दोन आठवडे रोज तासभर चाला आणि आठवड्यातून दोनदा पांडवलेणी चढा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पिशवीत पाण्याच्या बाटल्या भरून तेच करा. पाचव्या आठवड्यात खरी परीक्षा: शनिवारी रामशेज आणि रविवारी चामरलेणी किंवा पुन्हा रामशेज, त्याच बुटांनी, त्याच मोज्यांनी, त्याच पिशवीसह. आशेवाडीतून रामशेजचा चढ तासाभराचा आहे, पण सलग दोन दिवस केला की बूट कुठे चावतात, कुठली पट्टी खांद्यात रुतते, हे सगळं घरापासून पंधरा किलोमीटरवर कळून चुकतं. सहावा आठवडा विश्रांती.

नवे बूट घालून वारीला निघू नका. हे मी दरवेळी सांगते, आणि दरवेळी कुणीतरी दुकानातून सरळ एसटीत येऊन बसतं.

पिशवी

पाण्यासकट आठ किलोच्या आत. दोन जोड कपडे पुरतात, एक चालायचा आणि एक झोपायचा. मोजे मात्र तीन जोड. कानटोपी, पातळ पांघरूण किंवा स्लीपिंग बॅग, विजेरी आणि तिचे जादा सेल, शिट्टी, चिकटपट्टी, फोडांसाठी मलम, क्षार-साखरेच्या पुड्या, स्वतःची रोजची औषधं. एक काठी. उतारावर ती गुडघ्यांचा भार घेते.

पाणी हिवाळ्यात माणशी तीन लिटर. टाक्यांचं पाणी स्वच्छ दिसलं तरी फडक्यातून गाळून त्यात क्लोरीनचे थेंब घाला आणि अर्धा तास थांबा. कुठल्या टाक्याचं पाणी पितात ते गावातच विचारा. शेजारशेजारच्या दोन टाक्यांत एक पिण्याचं, एक गुरांचं असू शकतं. टाक्यात उतरू नका, पाय धुऊ नका.

खायला दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ, खजूर. बिस्किटांवर चढण चढवत नाही.

मुक्काम

त्र्यंबकला आणि सप्तशृंगगडावर भक्तनिवास, धर्मशाळा, लॉज मिळतात. पाड्यावर कुणाची पडवी, मंदिर किंवा शाळेचा व्हरांडा. विचारल्याशिवाय कुठेही पथारी टाकू नका. आल्याची वर्दी पोलीस पाटलांना द्या. बायकांचा गट असेल तर शौचालय आणि न्हाणीची सोय आहे का, हे फोनवर आधीच विचारा. संकोच करू नका, घरातल्या मावशीशीच बोला, ती नीट सांगते.

जेवणाचं सकाळी कळवा. नागलीची भाकरी, उडदाची आमटी, ठेचा. आठ माणसांचं पीठ अवेळी दळून मिळत नाही, आणि घरच्यांचं उद्याचं तुमच्या ताटात येऊ नये. राहण्या-जेवणाचे पैसे घरातल्या बाईच्या हातात द्या, लेकराच्या हातात नोट कोंबू नका. चॉकलेटं वाटत फिरू नका. रिकामी वेष्टनं परत शहरात आणा, पाड्यावर त्यांची विल्हेवाट लावणारी गाडी येत नाही.

परतीसाठी मुक्कामी गाडीची चौकशी करून ठेवा. ही एसटी रात्री गावातच थांबते आणि पहाटे तालुक्याला निघते. तिची वेळ फलकावर असेल ती धरू नका, गावात विचारा.

चालताना

सर्वांत हळू चालणाऱ्याला दुसऱ्या क्रमांकावर ठेवा, वेग त्याचा. तासाला पाच मिनिटं थांबा. बूट काढून मोजे झटका, आणि टाचेला चुरचुरलं की त्याच क्षणी पट्टी लावा, मुक्कामावर पोचून नव्हे. दुसरी सकाळ इथे राखली जाते.

वाट हरवली तर पुढे रेटू नका. शेवटची ओळखीची जागा आठवेल तिथपर्यंत मागे या, शिट्टी वाजवा, थांबा. ओढ्याच्या पात्राने खाली उतरायचा विचार मनात येतो. आपल्या डोंगरात ओढा बहुधा धबधब्यावर, म्हणजे कड्यावर संपतो, तेव्हा तो विचार सोडा.

कड्याच्या कपारीत आग्यामोहोळ असू शकतं. अत्तर लावू नका, खाली शेकोटी करू नका. माश्या उठल्याच तर अंग झाकून, ओरडा न करता, शक्य तितक्या लवकर लांब निघा. साप चावला तर जखम कापू नका, करकचून बांधू नका. चावलेला भाग हलू न देता माणसाला उचलून खाली आणा, आणि रेंज मिळताच १०८ किंवा ११२ लावा. घरी एका माणसाकडे तुमच्या वारीचा कागद असू द्या: कुठल्या दिवशी कुठल्या गावात, कुणाकडे, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं.

परत आल्यावर

त्याच रात्री किंवा फार तर दुसऱ्या दिवशी वहीत वेळा लिहून ठेवा: कुठून किती वाजता निघालो, कुठे पाणी मिळालं, कुठे वाट फुटली. पुढच्या वेळी स्वतःच्या गटाचा वेग तिथूनच मिळतो. फोटो काढले असतील तर चार चांगले छापून ज्यांच्याकडे राहिलात त्यांना पाठवा. त्यासाठी निघतानाच पत्ता नीट उतरवून घ्या: पाडा, गाव, पोस्ट, तालुका.